आपला आरोग्यदायी पदार्थ परदेशी चालेल काय? नफ्याचा अंदाज बांधण्याची रीत

विषयप्रवेश

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या आपल्या बहुतेक सभासदांजवळ स्वतःचा म्हणून एखादा कल्प असतो. कोणाचा शतावरी कल्प, कोणाचा मोरावळा, कोणाचे नाचणी-खारकेचे पीठ, तर कोणाचा गुलकंद. रुग्णांचा त्यावर विश्वास बसतो. पुढे त्याच रुग्णांची मुले अमेरिकेतून वा आखातातून सुटीवर येतात आणि परत जाताना चार-चार बरण्या सामानात बांधून नेतात. तीन-चार वर्षे असे घडले, की वैद्यांच्या मनात विचार येतो: “या पदार्थाला परदेशात मागणी आहे; मग रीतसर निर्यातच का करू नये?”

विचार चुकीचा नाही. परंतु त्यामागील अनुमान बहुधा चुकीचे असते. हे आम्ही केवळ तर्काने म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी मुलुंड व घाटकोपर येथील आम्ही चार वैद्यांनी मिळून आवळा-शतावरीचा एक लेह तयार करून घेतला आणि त्याची पहिली खेप अमेरिकेस पाठविली. चौघांपैकी एकाने त्यासाठी दवाखान्याची जागा तारण ठेवली होती. लेह उत्तम उतरला होता, परंतु लेबलवर “मधुमेही व्यक्तींस उपयुक्त” असे चार शब्द होते. तेथील आयातदाराने ते डोळ्यांखालून घातले होते, आम्हीही घातले होते. कोणालाच त्यात काही वावगे दिसले नाही. माल बंदरात अडकला, गोदामाचे भाडे चढत गेले आणि शेवटी बरण्या नष्ट कराव्या लागल्या. तारणाचे कर्ज फेडण्यास आमच्या त्या स्नेह्यांस पाच वर्षे लागली.

नवीन आरोग्यदायी पदार्थ परदेशात नफा देईल की नाही, हे खर्च करण्यापूर्वीच बऱ्याच अंशी कळू शकते. ते कसे तपासावे, याची रीत आम्ही येथे क्रमाने मांडीत आहोत.

१. बॅगेतून जाणारा माल म्हणजे बाजार नव्हे

प्रथम मागणीची परीक्षा करावी. रुग्णाचा मुलगा जी बरणी नेतो, तिच्यामागे आईचा आग्रह असतो, वैद्यांची ओळख असते आणि जहाजभाडे शून्य असते. परदेशातील दुकानात अनोळखी ग्राहक आपली बरणी उचलील काय, हा प्रश्न निराळा आहे. म्हणून अशा कुटुंबांकडे एकच चौकशी करावी: बरणी संपल्यावर तुम्ही ती स्वतः पैसे देऊन, टपालखर्चासह, पुन्हा मागविली काय? आवडली काय, असे विचारू नये; कारण वैद्यांना “नाही आवडली” असे कोणी सांगत नाही.

दुसरा भ्रम अधिक सूक्ष्म आहे. एखाद्या द्रव्याची कीर्ती झाली म्हणजे आपल्या पदार्थाला मागणी आली, असे आपण समजतो. २०१६ च्या सुमारास लंडन व न्यूयॉर्क येथील कॉफीगृहांत हळदीचे दूध नव्या नावाने विकले जाऊ लागले. आपणा सर्वांना अभिमान वाटला. परंतु नफा पेला विकणाऱ्या कॉफीगृहास झाला. हळद पिकविणाऱ्यास आणि ती दळून पाठविणाऱ्यास घाऊक भावच मिळाला. द्रव्याची मागणी आणि आपल्या बरणीची मागणी यांत हे अंतर असते.

२. परका देश आपल्या पदार्थाला काय म्हणतो?

आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पदार्थाचा खर्च, चाचण्या, कर आणि विक्रीची जागा हे सर्व त्याच्या वर्गीकरणावरून ठरते. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. १९५२ साली परळमध्ये आरंभ झालेल्या विको कंपनीची उत्पादने आयुर्वेदीय औषधे की प्रसाधने, हा वाद अबकारी कराच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ती औषधे ठरली. एकाच वस्तूला कोणते नाव मिळते यावर कराचा दर ठरत होता.

च्यवनप्राशाचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे तो १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुर्वेदीय औषध म्हणून परवान्याने बनविला जातो. आहारद्रव्यांसाठी मे २०२२ मध्ये “आयुर्वेद आहार” विषयक स्वतंत्र विनियम आले, त्यामुळे ग्रंथोक्त पाककृतींना अन्न म्हणून वेगळे स्थान मिळाले. मात्र ही दोन्ही नावे आपल्या सीमेपर्यंतच चालतात. पुढे प्रत्येक देशाचे वर्गीकरण वेगळे आहे.

अमेरिका : १९९४ च्या कायद्यानुसार आहारपूरक हा एक वेगळा वर्ग आहे. विक्रीपूर्वी सरकारी मंजुरी लागत नाही. परंतु १५ ऑक्टोबर १९९४ पूर्वी तेथे आहारपूरक म्हणून विकला न गेलेला घटक असल्यास सामान्यतः ७५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. उत्पादनगृहाची नोंदणी, तेथील रहिवासी प्रतिनिधी आणि २००७ च्या नियमांनुसार उत्पादनपद्धतीच्या नोंदी आवश्यक असतात.

कॅनडा : १ जानेवारी २००४ पासून नैसर्गिक आरोग्य उत्पादनांचे वेगळे नियम आहेत. प्रत्येक उत्पादनास आठ अंकी क्रमांक मिळाल्यावाचून ते विकता येत नाही. हे काम वेळखाऊ आहे; मात्र क्रमांक मिळाल्यावर स्थिती स्पष्ट असते.

युरोपीय संघ : औषध म्हणून जावयाचे तर २००४ च्या निर्देशानुसार तीस वर्षांचा पारंपरिक वापर, आणि त्यांतील किमान पंधरा वर्षांचा वापर युरोपीय संघातच, असा पुरावा लागतो. या निर्देशाची संक्रमणमुदत ३० एप्रिल २०११ रोजी संपली. आपल्या दोन हजार वर्षांच्या परंपरेस तेथे या पंधरा वर्षांची अट लागते. अन्न म्हणून जावयाचे तर १५ मे १९९७ पूर्वी तेथे लक्षणीय प्रमाणात खाल्ला न गेलेला घटक “नवीन अन्न” ठरतो आणि त्याला वेगळी परवानगी लागते. कोणते द्रव्य कोणत्या स्थितीत आहे, याची सूची युरोपीय आयोगाने सर्वांस खुली ठेवली आहे.

आखाती देश : लेह, चूर्ण, पाक यांना वाव आहे, पण आसव-अरिष्टांत स्वयंसिद्ध मद्यार्क असतो, म्हणून सौदी अरेबिया, कुवेत यांसारख्या देशांसाठी त्यांचा विचारच करू नये.

तात्पर्य, “परदेश” नावाचा एकच बाजार नाही. प्रारंभी एकच देश निवडावा आणि त्या देशात आपल्या पदार्थाचे नाव काय, हे लेखी स्वरूपात जाणून घ्यावे. हे उत्तर मिळेपर्यंत लेबलही छापू नये.

३. घटकद्रव्यांची छाननी

पाठ ग्रंथोक्त आहे म्हणून प्रत्येक घटक सीमा ओलांडील असे नाही. पाठातील प्रत्येक द्रव्याचे शास्त्रीय वनस्पतिनाम लिहून पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला : द्रव्य संरक्षित आहे काय? कुष्ठ हे संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जटामांसी व सर्पगंधा दुसऱ्या परिशिष्टात आहेत. यांपैकी काही पाठात असल्यास आहारपदार्थाचा बेत सोडून द्यावा, हे बरे.

दुसरा : त्या देशात द्रव्यास बंदी आहे काय? डेन्मार्कने २०२३ मध्ये अन्नपदार्थांत अश्वगंधेच्या वापरास बंदी केली. त्याच वेळी अमेरिकेत अश्वगंधा खुलेपणाने विकली जात होती. देशागणिक चौकशी का करावी, हे यावरून दिसून येईल.

तिसरा : प्राणिज घटक आहे काय? च्यवनप्राशात तूप व मध दोन्ही आहेत. २१ एप्रिल २०२१ पासून युरोपीय संघाने मिश्र पदार्थांतील प्राणिज घटकांचे नियम कडक केले. असे प्रक्रिया केलेले घटक त्यांनी मान्य केलेल्या देशांतील मान्य उत्पादनगृहांतूनच आलेले असावे लागतात. डेअरीतून आणलेले तूप कितीही शुद्ध असले तरी ते या अटीत बसत नाही. तुपाऐवजी तेल घालावे तर पाठ बदलतो, आणि पाठ बदलला की त्याला च्यवनप्राश म्हणण्याचा आपला अधिकार संशयास्पद होतो. येथे व्यवसायापेक्षा शास्त्राचा प्रश्न मोठा आहे, हे सभासदांनी विसरू नये.

चौथा : कच्चा माल येण्यापूर्वी त्यावर काय झाले आहे? सप्टेंबर २०२० मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या तिळांत इथिलीन ऑक्साइड या धुरीद्रव्याचे अवशेष सापडले आणि ते तीळ घातलेले पाव-बिस्किटांसारखे अनेक पदार्थ तेथील दुकानांतून परत घेतले गेले. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा विभागाने काही भारतीय मसाल्यांबाबत याच कारणाने विक्री थांबविण्यास सांगितले. तिळाचे लाडू पाठविणाऱ्याने तीळ कोठून आले, त्यांना धुरी कोणती दिली, हे व्यापाऱ्याकडून लेखी घेतले पाहिजे. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात ही चौकशी केली तर पुष्कळदा हसे होते. पण जो व्यापारी लेखी देण्यास तयार नाही, त्याचा माल निर्यातीसाठी घेऊ नये.

४. शिशाचा हिशोब

आयुर्वेदीय उत्पादनांवरचा सर्वांत मोठा आक्षेप जड धातूंचा आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बॉस्टन परिसरातील दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले. त्यानंतर आपल्या सरकारने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या केवळ वनस्पतिजन्य आयुर्वेदीय औषधांसाठी जड धातूंची चाचणी अनिवार्य केली.

अनेकांना वाटते, की आपल्याकडील चाचणीत माल उत्तीर्ण झाला म्हणजे काम झाले. प्रत्यक्ष हिशोब पाहू. आपल्याकडे वनस्पतिजन्य औषधांसाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे एका ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅम आहे. गोळीच्या मात्रेस ती योग्य असेल. लेहाची दैनंदिन मात्रा मात्र २० ग्रॅम धरली, तर या मर्यादेत राहूनही पोटात २०० मायक्रोग्रॅम शिसे जाऊ शकते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या १९८६ च्या कायद्यात दररोज ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे पोटात जाणार असल्यास सामान्यतः बरणीवर धोक्याची सूचना छापावी लागते. दोन्ही आकड्यांत ४०० पटींचे अंतर आहे! सूचना न छापल्यास खाजगी नागरिकही दावा लावू शकतो आणि दंड प्रत्येक उल्लंघनास दिवसाकाठी २,५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. आणि ज्या बरणीवर शिशाबद्दल सूचना छापली आहे, ती आरोग्यासाठी कोण विकत घेईल?

म्हणून प्रयोगशाळेकडे “उत्तीर्ण” असा शेरा मागू नये. प्रत्यक्ष आकडा मागावा आणि त्यास दैनंदिन मात्रेने गुणावे. आकडा अधिक आल्यास कारण शोधावे. हळदीत रंगासाठी लेड क्रोमेटची भेसळ होते. जुन्या भांड्यांच्या डाकात किंवा कल्हईच्या कथलात शिसे असू शकते. रस्त्यालगतच्या जमिनीतील मुळांतही ते येते. पाकासाठी स्टेनलेस स्टीलचे पात्र वापरणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. हा आकडा खाली आणणे केवळ निर्यातीसाठी नव्हे, तर आपल्या दवाखान्यातील बालकांसाठी व गर्भिणींसाठीही आवश्यक आहे.

५. किमतीचा हिशोब उलटा मांडावा

आपण बहुधा उत्पादनखर्चात नफा मिळवून किंमत ठरवितो. निर्यातीत उलट जावे लागते. परदेशी दुकानातील किमतीपासून मागे यावे लागते. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून कल्पिले आहेत. सभासदांनी त्या जागी स्वतःचे आकडे घालावेत.

समजा, ५०० ग्रॅमची बरणी तेथील दुकानात १५ डॉलरला विकली जाऊ शकते. दुकानदाराने ४० टक्के ठेवले, तर तो वितरकास ९ डॉलर देतो. वितरकाने २५ टक्के ठेवले, तर तो ६.७५ डॉलर देतो. त्यातून जहाजभाडे, सीमाशुल्क व बंदरावरील सोपस्कार यांचे १.२५ डॉलर वजा केले, की आपल्या हाती ५.५० डॉलर येतात. डॉलरला ८५ रुपये धरल्यास ४६७.५० रुपये होतात.

आता आपला खर्च. पदार्थ व बरणी २६० रुपये. खोकी, न्हावा शेवा बंदरापर्यंतची वाहतूक व कागदपत्रे ४० रुपये. चाचण्यांचा खर्च प्रत्येक बॅचला ६०,००० रुपये आणि बॅच १,००० बरण्यांची, म्हणजे बरणीमागे ६० रुपये. एकूण ३६० रुपये. शिल्लक राहिली १०७.५० रुपये.

याशिवाय प्रतिनिधी, नोंदणी, लेबलसल्ला, विमा असा वार्षिक खर्च ३ लाख रुपये धरू. तो भरून काढण्यास वर्षाला सुमारे २,८०० बरण्या विकाव्या लागतील. तोपर्यंत नफा शून्य.

वर्षात एक बॅच नाकारली गेली असे समजू. त्यात १,००० बरण्यांचे ३ लाख ६० हजार रुपये बुडाले. तेथील गोदाम व नष्ट करण्याचा खर्च वेगळाच. हे नुकसान भरण्यास आणखी ३,३५० बरण्या लागतील. म्हणजे एक खेप परत आली, की केवळ बरोबरीस येण्यासाठी ६,१०० हून अधिक बरण्या विकाव्या लागतात. ज्यांची पुनर्मागणी शंभर-दोनशे बरण्यांची आहे, त्यांनी येथेच थांबून विचार करावा.

आता तुलना पाहा. हीच बरणी योग्य परवान्याने बनवून आपल्या दवाखान्यातून ४०० रुपयांस विकली, तर पदार्थ व बरणीचा खर्च वजा जाता १४० रुपये उरतात. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. परदेशी किंमत तिप्पट दिसते, पण हाती येणारी रक्कम कमीच असू शकते.

सीमाशुल्काचा आकडाही स्थिर समजू नये. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये बहुसंख्य भारतीय मालावर एकूण ५० टक्के अतिरिक्त शुल्क लावले होते. त्या महिन्याच्या प्रारंभी ज्यांनी किंमत ठरविली, त्यांचा हिशोब महिनाअखेर कोलमडला. म्हणून शुल्क वाढले व डॉलर उतरला असे दोन्ही धरून हिशोब पुन्हा एकदा करावा. तरीही काही उरत असेल, तरच पुढे जावे.

६. लेबलवरील शब्द

आमचे नुकसान ज्या चार शब्दांनी झाले, त्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. अमेरिकेत एखादा पदार्थ रोग बरा करतो, टाळतो वा त्यावर उपयोगी आहे असे लिहिले, की कायद्याच्या दृष्टीने तो औषध होतो. आणि मंजुरी नसलेले औषध विकणे हा अपराध आहे. पदार्थ तोच राहतो, शब्दांनी त्याचा वर्ग बदलतो. “पचनास साहाय्यक” यासारखे शरीरक्रियाविषयक विधान आहारपूरकावर, ठरलेल्या खुलाशासह, करता येते. “आम्लपित्तावर गुणकारी” असे म्हणता येत नाही. आपण वैद्य असल्यामुळे रोगाधिकार लिहिण्याची सवय आपल्या हाताला लागली आहे. निर्यातीच्या लेबलवर ती सोडावी लागते. हे पत्रकांना व जाहिरातींनाही लागू आहे.

७. पैसे बुडण्याचा धोका

माल स्वीकारला गेला तरी पैसे येतीलच असे नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या निर्यात पत हमी महामंडळाचे मुख्य कार्यालय आपल्याच अंधेरीत आहे. परदेशी ग्राहकाने पैसे बुडविल्यास भरपाई देणाऱ्या लहान निर्यातदारांसाठीच्या योजनांची माहिती तेथे मिळते. मात्र मालाच्या दोषामुळे झालेले नुकसान सामान्यतः अशा विम्यात येत नाही. म्हणजे गुणवत्तेची जोखीम सर्वस्वी आपली राहते.

यासाठी एक विनामूल्य साधन उपलब्ध आहे. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन नाकारलेल्या मालाची यादी कारणांसह प्रसिद्ध करते. युरोपीय संघही अन्नविषयक सूचना प्रसिद्ध करतो. आपल्यासारखा पदार्थ मागील दोन-तीन वर्षांत कोणत्या कारणांनी नाकारला गेला, हे एका सायंकाळी वाचून होते. आम्ही ती सायंकाळ खर्च केली असती, तर आमच्या स्नेह्यांची पाच वर्षे वाचली असती.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश पुढील प्रश्नांत देत आहोत.

१. अनोळखी ग्राहकांनी स्वखर्चाने पुनर्मागणी केली आहे काय?
२. निवडलेल्या देशात पदार्थाचा वर्ग कोणता, हे लेखी कळले आहे काय?
३. प्रत्येक घटकद्रव्य त्या देशात चालते काय?
४. शिशाचा आकडा दैनंदिन मात्रेने गुणून मर्यादेत बसतो काय?
५. उलट हिशोबात एक बॅच बुडाली असे धरूनही शिल्लक राहते काय?
६. लेबलवर एकाही रोगाचे नाव नाही ना?
७. सर्व रक्कम बुडाली तरी दवाखाना व घर सुरक्षित राहील काय?

सातही उत्तरे अनुकूल असतील, तर अवश्य पुढे जावे. पहिली खेप लहान ठेवावी आणि किती नुकसानीनंतर थांबायचे तो आकडा आधीच वहीत लिहून ठेवावा. दुसऱ्या वा चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल असेल, तर मागणी कितीही मोठी दिसली तरी थांबावे. केवळ पाचवे प्रतिकूल असेल, तर तीन-चार सभासदांनी एकत्र येऊन एकाच परवानाधारक कारखान्यात मोठी बॅच करावी. चाचण्यांचा व नोंदणीचा खर्च विभागला जाऊन हिशोब बदलू शकतो. आमचे चौघांचे एकत्र येणे चुकीचे नव्हते. या प्रश्नांवाचून निघणे चुकीचे होते.

आपण रुग्णास पाहताच औषध देत नाही. प्रथम परीक्षा करतो, साध्यासाध्यता ठरवितो आणि असाध्य असेल तर तसे सांगण्याचे धैर्यही दाखवितो. स्वतःच्या पदार्थाबाबतही तोच न्याय लावावा, एवढीच सभासदांस विनंती.